गजकर्ण सारखं परत येतंय? ट्यूब पिळायच्या आधी कातडीत काय चाललंय ते बघा

पावसाळा सुरू झाला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक ठरलेला प्रकार सुरू होतो. माणूस येतो, आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना बघतो, मोबाईल पुढे करतो, त्यात चुरगळलेल्या ट्यूबचा फोटो, आणि हळू आवाजात "हीच द्या मॅडम, दुसरी नको, हिनं दोन दिवसात गार पडतं". गार पडतं हे खरंय. पण तोच माणूस पुढच्या महिन्यात परत येतो तेव्हा जांघेतला चट्टा पोटापर्यंत चढलेला असतो आणि घरात बायकोला, पोराला पण झालेलं असतं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला गोळ्या सांगायला बसले नाहीये, पण हे असं का होतं ते एकदा कळलं ना की काय करायचं नि काय नाही ते पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी थोडं कातडीबद्दल, कंटाळू नका.

कातडीचा वरचा थर म्हणजे एपिडर्मिस, त्यातल्या शंभरातल्या नव्वदएक पेशी एकाच जातीच्या असतात, केराटिनोसाइट. या तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, सरकता सरकता केराटिन नावाचं प्रोटीन आत भरून घेतात आणि वर पोचेपर्यंत मरून चपट्या होतात. आपण आंघोळीला हातानं चोळतो तो सगळा मेलेल्या पेशींचाच थर, पंधरा-वीस पदर एकावर एक, मध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल असल्या स्निग्ध पदार्थांचा लेप. तळाला जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. हे चार आठवडे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं, कुणी दाद. ही बुरशी आहे, रक्त खराब होण्याशी हिचा काही संबंध नाही, त्यामुळे रक्त शुद्ध करायचे कडू काढे पिणाऱ्यांनी ते खुशाल बंद करावेत. बुरशी खाते केराटिन. म्हणून तिचा मुक्काम त्या वरच्या मेलेल्या थरात, नखात नि केसात, खाली जिवंत पेशींत ती सहसा उतरत नाही. मग एवढी लाली नि खाज कुठून येते? ती बरीचशी आपल्याच पेशींची कामगिरी. केराटिनोसाइटला बुरशी ओळखता येते, ओळखली की ती मदतीला बोलावणारी रसायनं सोडते, बुरशीला मारणारी बारकी प्रोटीनं सोडते, आणि तळाला नव्या पेशी भराभर बनायला लागतात म्हणजे वरची साल बुरशीसकट लवकर झडून जावी. चट्ट्यावरून जो भुसा पडतो ना तो हाच. त्याच थरात लँगरहान्स पेशी म्हणून फांद्या फुटलेल्या पेशी असतात, पॉल लँगरहान्सनं १८६८ मध्ये बर्लिनला विद्यार्थी असतानाच त्या शोधल्या आणि त्याला वाटलं या नसांच्या पेशी आहेत, प्रत्यक्षात त्यांचं काम पहाऱ्याचं. बुरशीचा तुकडा उचलून त्या जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होतात आणि काही दिवसांनी जागेवर पोचतात. बुरशी बाहेरच्या बाजूला पसरत जाते, मधला भाग तोवर बऱ्यापैकी साफ झालेला असतो, म्हणून चट्टा गोल, कड उठलेली नि मध्ये फिक्कट. म्हणजे जिवंत बुरशी कडेला आणि कडेच्या थोडं बाहेर, जिथे कातडी अजून चांगली दिसतेय तिथेसुद्धा.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा

आता ती "गार पाडणारी" ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड या सगळ्या पेशींना गप्प करतं, केराटिनोसाइटची रसायनं बंद, लँगरहान्स पेशी कमी, टी पेशी थंड, त्यामुळे लाली जाते, खाज जाते, कड सपाट होते आणि माणसाला वाटतं बरं झालं. घरात चोर शिरलाय म्हणून कुत्रा भुंकत होता, आपण कुत्र्याचं तोंड बांधलं आणि निवांत झोपलो, असला हा प्रकार. बुरशीला आता अडवायला कोणी नाही, ती आरामात पसरते, आणि ट्यूब बंद केली की दडपलेली खाज दुपटीनं उसळते, मग परत तीच ट्यूब. वर चट्ट्याचं रूपच बदलून जातं, गोल राहत नाही, वर्तुळात वर्तुळ दिसतं किंवा नुसता लाल पट्टा, डॉक्टरला पण ओळखायला वेळ लागतो.

दुसरं नुकसान कायमचं आहे. स्टेरॉइडनं केराटिनोसाइटची वाढ मंदावते आणि खालच्या थरात कोलाजेन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी पण सुस्तावतात, कातडी कागदासारखी पातळ होते, जांघेत नि काखेत जाड जांभळे स्ट्रेच मार्क पडतात. रंग नंतर फिका होतो पण त्या रेघा जात नाहीत. विशीतल्या पोरांच्या मांड्यांवर हे बघितलं की खरंच वाईट वाटतं, कारण मूळ दुखणं साधी बुरशी.

तर ट्यूबवर ब्रँडचं नाव वाचू नका, खाली घटक असतात ते वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासॉल, डेक्सामेथासोन यातलं एक जरी दिसलं तर ते स्टेरॉइड. बुरशीची औषधं म्हणजे क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, लुलिकोनाझोल, टर्बिनाफिन, अमोरोल्फिन वगैरे. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल ही नावं घाईत सारखीच वाचली जातात, पहिलं सगळ्यात कडक स्टेरॉइडांपैकी एक आणि दुसरं साधं बुरशीनाशक, तेव्हा अक्षर न् अक्षर बघा. चार-चार औषधं एकत्र असलेल्या ट्यूब येतात, एक बुरशीचं, दोन जंतूंची आणि एक स्टेरॉइड, "सगळ्यावर चालते" म्हणून खपतात, बुरशीसाठी त्या घ्यायच्याच नाहीत. आणि हो, कायदा पण आहे, २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते तुम्हीही बघता नि मीही, त्यावर आमच्याच धंद्यातली माणसं माझ्यावर चिडतील पण चिडू देत.

स्टेरॉइड मुळात वाईट औषध आहे असं समजू नका मात्र. सोरायसिसमध्ये तळापासून वरपर्यंतचा तो चार आठवड्यांचा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो, अर्धवट तयार पेशींचे थरच्या थर साचतात, तिथे पेशींना थंड करणं हीच ट्रीटमेंट. एक्झिमात पण तेच. तिथे डॉक्टरांनी दिलंय आणि किती दिवस ते सांगितलंय तर घाबरून अर्ध्यात सोडू नका. चेहऱ्यावर गोरेपणासाठी म्हणून कोणी अशी क्रीम महिनोन्‌महिने लावत असेल तर तीही एकदम टाकू नका, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, एकदम बंद केली की चेहरा लालबुंद होऊन आग आग होते.

डॉक्टरकडे गेल्यावर

एखादाच छोटा चट्टा, पहिल्यांदाच आलेला, अजून काही चोपडलेलं नाही, अशा वेळी साधी बुरशीनाशक क्रीम पुरते. पण दोन-तीन ठिकाणी असेल, महिनाभर जुनं असेल, स्टेरॉइड लावून झालं असेल, डोक्यात किंवा नखात असेल तर गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरनंच ठरवायच्या. डोक्यातली बुरशी केसाच्या मुळापर्यंत जाते, तिथे वरून लावलेली क्रीम पोचतच नाही, लहान पोराच्या डोक्यात गोल टक्कल नि खपल्या दिसल्या तर तेल चोपडत बसू नका.

शंका असेल तर डॉक्टर कडेचा भुसा खरवडून केओएच टेस्ट करतात. काचेवर भुसा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, त्यानं केराटिन विरघळतं, बुरशी विरघळत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे सरळ दिसतात. स्वस्त आहे, दुखत नाही, थोड्या वेळात होते. फक्त आदल्या दिवसापर्यंत बुरशीची क्रीम लावून गेलात तर धागे सापडायचे नाहीत, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा किती दिवस आधी बंद करू. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, लाजू नका, त्यांना ते बघायचंच असतं.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी काउंटरवर रोज सांगते त्या इथे पण सांगते. इट्राकोनाझोलची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही, आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगा कारण पोटातलं ॲसिड कमी झालं की ही कॅप्सूल वाया जाते. हृदयाचा त्रास, लिव्हरचा त्रास, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, प्रेग्नन्सी, यातलं काही असेल तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. टर्बिनाफिन पूर्वी हमखास लागू पडायचं, आता आपल्याकडे बऱ्याच जणांना पडत नाही, कारण इथे पसरलेल्या बुरशीनं ते औषध जिथे काम करतं तिथलाच एक जीन बदलून घेतलाय. या जातीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, नावातच इंडिया आलाय, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिच्या केसेस नोंदल्या गेल्या. तेव्हा शेजारणीला टर्बिनाफिननं बरं वाटलं म्हणून तिच्याच उरलेल्या गोळ्या आणू नका.

लावायची कशी नि किती दिवस

आंघोळ करा, जागा टॉवेलनं टिपून कोरडी करा, पाच-दहा मिनिटं हवा लागू द्या, मग क्रीम. बाहेरून आत अशी लावा, म्हणजे चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं चांगली दिसणाऱ्या कातडीपासून सुरू करून मध्याकडे यायचं, मधून बाहेर चोळत नेऊ नका. किती लावायची तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा, ती साधारण अर्धा ग्रॅम होते आणि बोटांसकट आपल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे गणित केलं की कळतं कंबरभर पसरलेल्या चट्ट्याला दहा ग्रॅमची ट्यूब आठवडाभर सुद्धा का जात नाही, आणि लोक एकच ट्यूब महिनाभर पुरवतात नि म्हणतात क्रीम फालतू आहे. दिवसातून एकदा की दोनदा ते औषधावर आहे, लुलिकोनाझोल एकदा, बरीचशी बाकीची दोनदा.

आणि आता ते चार आठवडे. खाज पाचव्या-सहाव्या दिवशी जाते, लोक तिथेच थांबतात. पण बुरशी बसलेला थर गळून त्या जागी नवा थर यायला महिना लागणार आहे, तोवर खालच्या पदरात ती दबा धरून असते. चट्टा दिसेनासा झाल्यावर पण निदान दोन आठवडे लावत राहायची हे त्याचसाठी, आणि हल्लीच्या हट्टी बुरशीला चार ते आठ आठवडे, काहींना त्याहून जास्त उपचार देतात. पायाची नखं जाड, पिवळी, भुसभुशीत झालेली असतील तर ते दाखवायला विसरू नका, पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि तोवर बुरशी तिथून जांघेत ये-जा करत राहते.

लिंबू, लसूण, चुना, डेटॉल कच्चं, रॉकेल, हे सगळं लोक लावतात. ठेचलेल्या लसणानं अक्षरशः भाजल्यासारखे फोड येतात, लिंबू लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात. आंघोळीला खरखरीत दगड नि कडक साबण पण नको. निरोगी कातडी थोडी आंबट बाजूला असते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) पाचच्या आसपास, आणि साध्या साबणाचा नऊ-दहा, सारखं घासून तो स्निग्ध लेप काढून टाकला तर बुरशीला आयतं रान मोकळं. सरकारी दवाखान्यात मिळणारं व्हिटफिल्डचं मलम जुनं आहे पण कामाचं, त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड वरची मेलेली साल सोडवतं आणि बेन्झोइक ॲसिड बुरशीला आवरतं, फक्त जांघेत नि नाजूक जागी लावू नका, चरचरून आग होते.

कपडे, दोरे आणि घरातली बाकीची मंडळी

इथेच निम्म्या लोकांचं बिनसतं. झडलेल्या त्या भुशात बुरशी जिवंत असते, टॉवेलवर, चादरीवर, अंडरवेअरच्या शिवणीत कित्येक आठवडे टिकते. रुग्णाचे कपडे वेगळे धुवा, नुसतं पावडरच्या थंड पाण्यात नाही, मशीनला ६० डिग्रीची सोय असेल तर ती लावा, नसेल तर कढत पाण्यात भिजवा, आणि उलटे करून उन्हात वाळवा म्हणजे शिवणीला ऊन लागेल. पावसाळ्यात ऊन कुठलं, घरात दोरीवर तीन दिवस दमट राहिलेली जीन्स तशीच चढवून लोकलमध्ये तासभर घामात उभं राहायचं, बुरशीला आणखी काय हवं? अशा वेळी शिवणी नि कमरेची पट्टी गरम इस्त्रीनं दाबून कोरडी करा. पावसाळ्यापुरती तरी जीन्स नि घट्ट लेगिंग कपाटात ठेवा, सैल सुती पँट घाला.

कमरेचा करदोडा, हा विषय काढला की लोक नाराज होतात. पण तो दोरा आंघोळीनंतर तासन्‌तास ओला राहतो आणि बुरशी त्याच्या धाग्यात बसते, चट्टा बघितला तर कित्येकदा बरोबर दोऱ्याच्या रेषेत कमरेभोवती गेलेला दिसतो. पायातला काळा दोरा, मनगटावरचे गंडे, तेच. निदान उपचार चालू असेपर्यंत काढा, बरं झाल्यावर नवा बांधा. बायकांना परकराच्या नाडीखाली होतं, नाडी रोज त्याच जागी आवळली जाते नि घाम तिथेच मुरतो, जरा रुंद पट्ट्याचा किंवा सैल इलॅस्टिकचा परकर वापरा, नाडी थोडी वरखाली बांधा.

घरात ज्याला ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांची ट्रीटमेंट एकाच वेळी झाली पाहिजे. सासूबाई "माझं काय एवढंसं आहे" म्हणतात, दाखवत नाहीत, आणि सगळ्यांचं परत सुरू होतं. टॉवेल, साबण, कंगवा प्रत्येकाचा वेगळा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल आणि त्याचे केस ठिकठिकाणी गेले असतील तर त्याला पण दाखवून घ्या. आणि सारखं सारखं होतंय तर एकदा शुगर तपासा.

बरं झाल्यावर काळा डाग राहतो. सूज आली की रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी जास्त मेलॅनिन शेजारच्या केराटिनोसाइटना वाटतात, थोडं खालच्या थरात पण सांडतं, ते उतरायला महिने लागतात. डाग सपाट आहे, खाज नाही, भुसा नाही, कड उठलेली नाही, तर ती बुरशी नव्हे, तिथे बुरशीची क्रीम लावत बसू नका आणि डाग घालवायला म्हणून कुठलीही गोरं करणारी क्रीम तर नकोच.

एक प्रकार मात्र गजकर्ण समजून सोडला जातो आणि तो सोडून चालत नाही. गोल किंवा कसाही, फिक्कट किंवा तांबूस चट्टा, पण खाज अजिबात नाही, तिथे घाम कमी येतो, लव गेलीय, आणि कापसाचा बोळा फिरवला किंवा गरम-गार लावलं तर कळतच नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. त्याचे जंतू कातडीतल्या नसांना वेढणाऱ्या, श्वान (Schwann) नाव असलेल्या पेशींत घर करतात म्हणून बधिरपणा येतो, उशीर झाला तर हातापायाच्या नसा जातात. लवकर सापडला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात नि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. असा चट्टा असेल तर माझ्याकडे क्रीम मागायला येऊ नका, आधी तिकडे जा.